लालासाहेबाच्या गळाची मूठ

माफ करणारा मोठा असतो, असं माझा नवरा रहिमान ऊठसूट म्हणतो. त्येनं व्हावं खुशाल मोठं. मी हाय हितकीच बरी.

आता माफ करायचं कुणाला, ते आदी ऐका. आमच्या उंब्रजात लालासाहेब म्हणून एक बडं धेंड हाय. नदीकाठाला ऊस, दारात जीप, मिशीला पीळ. शेती गडी बघत्यात. ह्येला नाद एकच, गळ टाकून मासं धरायचा. खायाचा न्हाई बरं का, धरायचा आन् चारचौघांत सांगायचा. धरल्याला मासा वीतभर असला तर पारावर येईस्तवर हातभर व्हायचा, आन् चा पिऊन झाला की पुरुषभर. त्येला डोहात घेऊन जायाचा माझा भाऊ सिकंदर. सिकंदरची सोताची नाव हुती. ह्या काठाची माणसं त्या काठाला सोडायची, आन् मालकाला हुक्की आली की त्येला कासवडोहात फिरवायचं, ह्यो त्येचा धंदा.

बाहात्तरचा दुष्काळ सरला, त्याच्या म्होरल्या भादव्यात कृष्णा दोन्ही थडी भरून चालली हुती. दुष्काळात मासाबी मेल्याला, त्यामुळं पाणी बघून लालासाहेबाला दम निघंना. सिकंदरला घिऊन गेला डोहात. आन् नाव उलटली. लालासाहेब उलट्या नावंला धरून काठाला आला. सिकंदर दुसऱ्या दिशी खालच्या बंधाऱ्याला घावला.

गाव घाटावर जमल्यालं. लालासाहेब अंगाला घोंगडं गुंडाळून बसला हुता आन् समद्यास्नी सांगत हुता, "मी बापडा नावंत खाली बसल्यालो, गळ पाण्यात सोडून. ह्यो पठ्ठ्या दारू ढोसून आल्याला. झोकांड्या खात उठला आन् घेतली की नाव पालथी."

दारू! ज्येनं जल्मात बिडी वढली न्हाई, वरातीत कुणी पिऊन नाचाय लागलं की जो उठून घरी यायचा, त्यो माझा भाऊ दारू पिऊन मेला म्हणं. उचलली जीभ आन् लावली टाळ्याला. मी तितंच घाटावर बोंबलले. म्हणलं, सिकंदर मला चारदा सांगून गेलाय, 'रहिमत, मासा लागला की मालक नावंत ताडकन उभं ऱ्हात्यात, बसा म्हणलं तर ऐकत न्हाईत, एक दिस दोघास्नी बुडवत्यात.' पण जीपवाल्याच्या म्होरं माझं कोण ऐकतंय? "बहीण हाय, म्हणणारच," असं म्हणून माणसं आपापल्या वाटंनं गेली.

ते बी मी गिळलं असतं. बायामाणसाला गिळायची सवय असती. पण खरा घाव पुढंच हुता, आन् त्यो बसला माझ्या अम्माला.

भाऊ गेल्यावर अम्मा माझ्याकडंच ऱ्हायला आली. दर बेस्तरवारी तिच्या हातची एक रीत हुती. गव्हाच्या चपात्या करायच्या, गूळ-तूप घालून हातानं कुस्करायच्या, मलिदा करायचा, आन् घरातल्या गेल्याल्या माणसांच्या नावानं फातिहा द्यायाची. माझ्या बापाचं नाव, आज्याचं नाव, पाळण्यात गेल्याल्या एका लेकराचं नाव. सिकंदरचं चाळिसाव्या दिसापातुर नाव घेतलं. त्याच्या मागारी घेईना झाली. मी इचारलं तर खाली बघून म्हणली, "पोटात दारू घिऊन गेल्यालं पोर. कुठल्या तोंडानं त्येचं नाव घिऊ ग?"

माझ्या अंगाची लाही झाली. "अम्मा, तुला ते खरं वाटतंय? तुझ्या पोटचं पोरगं व्हतं त्ये!"

"मला काय ठावं? मी काय नावंत हुते? जवान माणूस, पाजली आसंल कुणीतरी."

मला काय ठावं! नऊ महिनं पोटात वागवल्याल्या बाईच्या तोंडात ही भाषा त्या मुडद्यानं घातली. एकदा तिचा पोरगा पाण्यात घालवला आन् दुसऱ्यांदा तिच्या मनातनं घालवला. त्या दिशी मी चुलीम्होरं बसून ठरवलं. लालासाहेब खरं बोलंल, सोताच्या तोंडानं बोलंल, आन् माझ्या अम्माच्या कानाला ऐकू जाईल असं बोलंल. त्येच्याबिगर मी मरायची न्हाई.

दोन वर्सं गेली. आमचा धंदा कातकामाचा. रहिमान लाटणी, पाळण्याचं दांडं, विळ्या-खुरप्याच्या मुठी कातून द्यायाचा. लाकूड दोन खुंट्यांच्या मधी अडकवायचं, त्येला चामड्याचा पट्टा गुंडाळायचा, मी पट्टा हिकडनं तिकडं वढायची आन् त्यो पटाशी लावायचा. अशीच वढत हुते, आन् दारात जीप थांबली.

लालासाहेब उतरला. हातात एक लांब काळी काठी, पिशवीत फिरकीचं रीळ. माझ्याकडं बघितलंबी न्हाई. रहिमानला म्हणला, "रहिमान, मूठ करायची हाय. काचेच्या धाग्याची काठी हाय ही, मुंबईस्नं आणलीया. पण हिची मूठ कुण्या किरट्या सायबाच्या हाताची हाय. घटकाभर धरली की बोटं आखडत्यात. म्होरल्या म्हैन्यात सांगलीला वकील-डागदर मंडळींनी गळाची शर्यत लावलीया. सकाळपासनं सांजपातुर काठी हातात ठिवायची. हाताला रग लागता कामा न्हाई, अशी आरामशीर मूठ पायजे."

आराम पायजे त्येला. हाताला.

रहिमानचा चेहरा उतरला. "मालक, असलं काम आमी कवा केलं न्हाई, जमायचं न्हाई..." त्यो म्हणाय लागला.

"जमंल की!" मी पट्टा खाली टाकला आन् पदर सावरून म्होरं झाले. "का न जमंल, मालक? फकस्त हात मापाय लागंल. बेस्तरवारी सकाळी या. आन् येताना सुभेदार हंबीररावास्नी संगं घिऊन या. फौजंत सायबांच्या हातात असल्या काठ्या त्येंनी बघितल्यात, चार गोष्टी सांगत्याल."

लालासाहेब खूश. जीपचा धुरळा खाली बसायच्या आत रहिमान माझ्यावर उखडला. "तुझं डोस्कं फिरलंय का, रहिमत? ज्येनं तुझ्या भावाला..."

"ज्येनं माझ्या भावाला, त्येलाच. तू गुमान लाकूड कात."

"काय वाकडं काम करणार असशील तर सांग. धार लावून ठिवशील, खिळा ठिवशील मुठीत..."

"खुळा का काय! लय ग्वाड मूठ करायची. त्येच्या हाताला लोण्यावानी लागली पायजे."

आता मूठ म्हंजे काय लाकडाचा तुकडा न्हवं. बायांनो, तुमी खुरपं धरता, तुमास्नी ठावं हाय. जाड झाली तर बोटं मिटत न्हाईत, बारीक झाली तर तळवा आवळून आवळून पेटका येतो. लय गुळगुळीत केली की वल्ल्या हातातनं निसटती. गळाच्या काठीला आनखी एक भानगड. रीळ काठीच्या खालनं लोंबतं, त्येचा पाय दोन बोटांच्या मधी येतो, तितं लाकडाचा उंचवटा ऱ्हाता कामा न्हाई. आन् सगळ्यांत मोठी गोष्ट म्हंजे मुठीचं बूड, हाताच्या मागं ऱ्हातंय ते. माणूस बसून गळ टाकत असंल तर बूड वीतभर पुरं, लांब केलं तर बरगडीत घुसतंय. उभं ऱ्हाऊन मासा वढणार असंल तर बूड लांब पायजे, पोटाला टेकवायला. बुटकं बूड घिऊन उभ्या माणसाला मासा वढताच येत न्हाई. ही मूठ मापायची गोष्ट रहिमाननं मला समजावून सांगितली, आन् मी ती गाठीला बांधून ठिवली.

रहिमाननं नमुन्याच्या मुठी कातल्या. एक शिसवीची, काळीभोर, पॉलिश केल्याली. एक पांगाऱ्याची, पिसावानी हलकी. आन् एक बुचाची. दवाखान्यातनं औषधाच्या बाटल्यांची बुचं गोळा केली, एकावर एक ठिऊन लाखंनं चिकटवली आन् कातली. बुटक्या बुडाची एक आन् लांब बुडाची एक, अशा नुसत्या दांड्याबी करून ठिवल्या.

बेस्तरवार उजाडला. अम्मा उंबऱ्याला परात घिऊन मलिद्याची कणीक मळत हुती. मी म्हणलं, "जरा जास्ती मळ. हात मापायचा हाय." हात मापायची रीत माझ्या सासऱ्याची. दांडीला घट्ट कणीक थापायची, गिऱ्हाइकाला मूठ वळाय लावायची, बोटं-तळवा जिथं जिथं दाबंल तिथं खड्डा पडतो. त्यो खड्डा बघून लाकूड कातायचं. तशी मूठ जल्मभर त्या माणसाच्या हाताला दुखत न्हाई.

"कुणाचा हात?" अम्मानं इचारलं.

मी सांगितलं. तिनं परात उचलली आन् आत निघाली. मी तिचा दंड धरला. "बस हितंच."

"रहिमत, मला त्येचं तोंड बघवत न्हाई."

"तोंड बघू नगंस. नुसतं ऐक."

जीप आली. संगं सुभेदार हंबीरराव. साठीचा गडी, पण काठीवानी ताठ, बोलाय लागला की पलीकडच्या आळीला ऐकू जायाचं. सुभेदाराचा एक गुण गावाला ठावं. त्यो खोटं बोलायचा न्हाई आन् दुसऱ्याचं खपवून घ्यायाचा न्हाई. त्येनं एकांदी गोष्ट पारावर सांगितली की ती झाली असंच गाव धरून चालायचं. म्हणून तर मी त्येला बोलवाय लावलं हुतं.

लालासाहेबाला बाजंवर बसवलं, शेजारी सुभेदाराला. रहिमाननं शिसवीची मूठ हातात दिली.

"वा! काय चकाकतीया!" लालासाहेब म्हणला.

"चकाकायला काय, बूटबी चकाकत्यात," सुभेदार म्हणला. "हात वल्ला कर आन् मग धर."

मी तांब्यातलं पाणी त्येच्या हातावर वतलं. शिसवीची मूठ हातात साबणावानी फिराय लागली. ती बाजूला पडली. पांगाऱ्याची धरली, ती हलकी पर नखाला दाबली की खळी पडायची. सुभेदारानं मान हलवली. "शर्यतीच्या दिशी दुपारपातुर ठेचून निघंल." मंग बुचाची दिली. लालासाहेबानं वल्ल्या हातानं धरली, सोडली, परत धरली. डोळं झाकलं मेल्यानं.

"हीच. रहिमान, हीच. हात गादीवर ठिवल्यागत वाटतंय."

"मंग आता माप घिऊया," मी म्हणलं. अम्माच्या परातीतली कणीक मी सोता लांब बुडाच्या दांडीला थापली आन् त्येच्या हातात दिली. त्येनं मूठ वळली. बोटं कणकंत रुतली.

रहिमान वाकून खड्डं बघाय लागला, ही बोटं जाड हायेत, हितं जरा पोट ठिवू, रिळाच्या पायाला हितं खाच. त्येचं त्येच्या कामात ध्यान हुतं, बिचाऱ्याचं. माझं ध्यान उंबऱ्याकडं. अम्मा खाली मान घालून परात खरवडत हुती.

मी बुटकी दांडी हातात घेतली आन् पदराआड हसल्यागत करून म्हणलं, "आवं, पर मालकास्नी लांब बूड कशाला? मालक तर नावंत खाली बसूनच गळ सोडत्यात. बसल्या माणसाला हे वीतभर पुरं झालं."

सुभेदार फिसकन हसला. "बसून? लालासाब, बसून मासा धरतोस? काय भाजी निवडतोयस का काय? आमच्या मेजरसायबाचा सत्तर वर्सांचा बाप उभ्यानं मासा वढायचा!"

मी म्हणलं, "तसं न्हवं, सुभेदार. वय झालं की भ्या वाटतंच की. नाव हालती, पाणी खोल. मालक संभाळून बसत्यात, ते बरंच हाय. बुटकीच करू."

लालासाहेबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मासा गळाला लागताना पाण्यावर बुडबुडा येतो, सिकंदर दावायचा मला. तसंच वाटलं.

"भ्या? कुणाला भ्या?" त्यो बाजंवरनं ताडकन उठला. कणकंची दांडी हातातच. "ह्यो लालासाहेब जल्मात कवा बसून मासा वढत न्हाई! सुभेदार, बगा. एक पाय असा, नावंच्या कडंवर." त्येनं खरंच एक पाय बाजंवर ठिवला. "बूड हितं, पोटाला. दोन्ही हात काठीला. मासा नाव फरफटत न्हेतोय आन् आपून हालत न्हाई!"

"हां, ही पोझिशन झाली," सुभेदार म्हणला. "पर नावंत असा कवा उभा ऱ्हायलास?"

"कवा म्हंजे? कासवडोहात! भादव्यातला त्यो खडस मासा, सुभेदार, तसला परत व्हनार न्हाई. ह्यो एवढा! नाव एका अंगाला कलंडली, पाणी आत आलं, मागनं सिकंदर बोंबलतोय, 'बसा मालक, बसा! पाया पडतो, खाली बसा!' आरं, मी कशाला बसतोय? लागल्याला मासा सोडून? नाव पालथी झाली तरी ह्या पठ्ठ्यानं काठी सोडली न्हाई! सिकंदरनंच मला खालनं उचलून नावंवर..."

आन् थांबला.

तोंड उघडंच ऱ्हायलं. एक पाय बाजंवर, दांडी पोटाला, दोन्ही हात कणकंत. आवळून आवळून बोटांच्या मधनं कणीक बाहीर आल्याली. रहिमान खाली वाकला हुता तसाच ऱ्हायला. परातीचा खरवडायचा आवाज बंद झाला.

अम्मा उठली. गुडघ्यावर हात ठिवून, हळूहळू. दोन वर्सांत ज्येच्याकडं तिनं बघितलं नव्हतं, त्येच्याकडं आता सरळ बघितलं.

"त्यो बसा म्हणला?" तिनं इचारलं.

लालासाहेबानं बाजंवरचा पाय खाली घेतला.

"मालक, मी एक इचारते. त्यो तुमास्नी बसा म्हणला? पाया पडतो म्हणला?"

"आवं, ते आपलं... बोलायच्या भरात..."

"म्हंजे सुद्दीत हुता," अम्मा म्हणली. त्येला न्हवं, सोतालाच म्हणली. "झोकांड्या खाणारा माणूस दुसऱ्याला बसा म्हणत न्हाई. माझा पोरगा सुद्दीत हुता."

सुभेदार बाजंवरनं उठला. त्येचा आवाज लय बारीक झाला, आन् मला त्येच्या मोठ्या आवाजापरीस ह्येचंच भ्या वाटलं. "लालासाब, त्या दिशी घाटावर मी हुतो. तू मला सांगितलंस, मी खाली बसल्यालो, त्यो पिऊन उठला. मी माणसास्नी तेच सांगत फिरलो. मयताच्या घरी येऊन म्हातारीच्या तोंडावर सांगून गेलो. आता तू उभा हायस. ह्यातलं एक काय ते खरं सांग."

"सुभेदार, आपसातली गोष्ट..."

"कसली आपसातली? त्येनं तुला उचलून नावंवर घातला, आन् तू त्येला दारुडा केलास? माझ्या तोंडानं केलास?"

लालासाहेबानं दांडी बाजंवर टाकली. हात झटकाय लागला, पर कणीक निघंना. मी दोन वर्सं शिव्या गोळा करून ठिवल्या हुत्या. एकापरीस एक, ठेवणीतल्या. त्येच्या सात पिढ्यांला पुरून उरल्या असत्या. पण आयत्या वक्ताला एकबी वापराय लागली न्हाई.

"मालक," मी म्हणलं, "मंग बूड लांबच ठिवायचं न्हवं? उभ्या माणसाचं?"

त्यो गेला. मुंबईची काठी, रीळ, समदं तितंच टाकून गेला. सुभेदार त्येच्या जीपमधी बसला न्हाई. चालत गेला, आन् घरी न्हाई, पाराकडं गेला.

मी रहिमानला म्हणलं, "ती कणकंची दांडी उनात ठिव. वाळू दे. त्येच्या दहा बोटांची खूण हाय ती. दारावर टांगणार हाय मी. येणाऱ्या-जाणाऱ्यानं इचारलं की सांगीन, कुणाचा हात हाय आन् त्यो हात काय धरून बसला हुता."

पर वळून बघते तर अम्मानं दांडीवरची कणीक सोडवून घेतली हुती. वरचा मळका भाग खुडून टाकला आन् उरल्याली परातीत घालून मळाय लागली. त्येचं खड्डं, त्येची बोटं, समदं तिच्या मुठीखाली सपाट झालं.

"अम्मा! अगं खूण हुती ती!"

"कणीक हाय ती," अम्मा म्हणली. "वाया जाईल. आज बेस्तरवार हाय, सिकंदरच्या नावाचा मलिदा करायचा ऱ्हायलाय किती दिसांचा. गूळ काढ."

मला रडू फुटलं. रागानं का कशानं, अजून ठावं न्हाई. गूळ मात्र काढून दिला. अम्मानं चपात्या लाटल्या, भाजल्या, तुपात कुस्करल्या. कुस्करताना वठ हालत हुतं. सांज व्हायच्या आदी रहिमाननं फातिहा दिली. बापाचं नाव, आज्याचं, लेकराचं. आन् मंग अम्मानंच मोठ्यानं सांगितलं, "सिकंदर. माझा सिकंदर." गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं असंल.

फातिहाचा मलिदा घरात ठिवायचा नसतो, वाटायचा असतो. अम्मा म्हणली, शेजारी दे. मी शेजारी दिला. उरल्याला पितळीत घेतला, वर धडपं झाकलं, आन् वाटंला लागले.

"कुठं निघालीस?" रहिमान मागनं आला. "रहिमत, झालं की आता. अम्माला मिळालं ती मागत हुती ते."

"अम्माला मिळालं," मी म्हणलं. "मला न्हाई."

लालासाहेबाची वसरी भरल्याली. उसातनं आल्यालं गडी अंगणात हात-पाय धूत हुतं, चार-दोन बड्या घरची माणसं बसल्याली. सुभेदाराची गोष्ट माझ्या आदी पोचली हुती, कारण कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मला बघून लालासाहेब वसरीच्या पायरीपातुर आला. मला दारातनंच लावून द्यायाची हुती त्येला.

"काय पायजे?"

"काय नगं, मालक. द्यायाला आलेय. आज सिकंदरच्या नावाची फातिहा हुती, त्येचा मलिदा हाय."

आमच्या गावात उरुसाचा असो का फातिहाचा, मलिदा हिंदू काय, मुसलमान काय, कपाळाला लावून खात्यात. न्हाई म्हणत न्हाईत. म्हणलं तर दुसऱ्या दिशी गाव त्येच्या दारात थुंकतं. लालासाहेबाला ते ठावं हुतं. समद्यांच्या नजरा त्येच्यावर. त्येनं झटकन उजवा हात म्होरं केला, उभ्या-उभ्या, लवकर घ्यावं आन् आत जावं म्हणून. नखांत अजून कणीक सुकल्याली दिसत हुती.

मी पितळी मागं घेतली.

"उभ्यानं न्हाई," मी म्हणलं. मोठ्यानं म्हणलं, आड्यापातुर जाईल असं. "बसा, मालक."

अंगणात पाणी वतायचा आवाज थांबला.

त्येनं वसरीवरच्या माणसांकडं बघितलं. कुणी मिशीला हात लावला, कुणी खाली बघितलं. त्येनं माझ्याकडं बघितलं. मी त्येच्या म्होरं पितळी धरून तशीच उभी.

"पाया पडते," मी म्हणलं. "खाली बसा."

त्यो बसला. पायरीवर न्हाई, पायरीच्या खाली मातीत बसला, माझ्या पायांम्होरं. मी त्येच्या हातात मलिदा घातला आन् त्येची बोटं माझ्या हातानं मिटली.

"नीट धरा. आरामशीर बसतंय न्हवं मुठीत? तुमच्याच मापाची कणीक हाय."

त्येनं खाल्लं. संपलं की मी आनखी घातलं. पितळी रिकामी हुईस्तवर त्यो बसून ऱ्हायला, आन् मी उभी ऱ्हायले.